डाव्या बाजूचं कव्हर

९ फेब्रुवारी

मामा,

मामीचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. मागच्या पत्रात स्वतःच्या गुडघ्यावर पानभर लिहिलंत आणि तिच्याबद्दल एक ओळ नाही. फोन केला असता, पण तुम्ही नुसतं ‘काय? काय?’ करत बसता आणि शेवटी मामी तिकडून ओरडून तिला हवं ते सांगते. म्हणून पत्र.

आज तुमच्या धंद्यातलं काम काढलंय. पोलिसांनी माझी मोटारसायकल सोडली. भाऊजी गेले त्या दिवसापासून ती चौकीच्या आवारातच होती. ‘गाडी जुनी, उतारावर मागचं चाक अडकलं, चालक भिंतीवर आदळला’ असं लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं. चाक अजून जाम आहे, त्यामुळे टेम्पोत घालून आणावी लागली. आता जिन्याखाली उभी आहे.

ह्यांना ती डोळ्यांसमोर नको. भंगारवाल्याला बोलावतो म्हणतात. पाठचा भाऊ ज्या गाडीवर गेला ती येता-जाता बघायची, मला समजतं. पण सासूबाई अडून बसल्या आहेत. गाडी माझी, पण सुट्टीच्या दिवशी ती पुसायचे भाऊजी, आणि मला म्हणायचे, “वहिनी, तुम्ही हिला चालवता, सांभाळतो मी.” सासूबाई म्हणतात, ती चालू झालेली एकदा मला ऐकू द्या, मग खुशाल मोडीत घाला.

आता हे काम कोणाला सांगू? हे दिवसभर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाने-पकडी घेऊन राबतात, पण ह्या गाडीचं नाव काढलं की चेहरा उतरतो. तेव्हा मीच बसले. साखळी इंजिनाच्या डाव्या कव्हराखाली कुठेतरी अडकलीय. त्या कव्हराला फुलीचे तीन स्क्रू आहेत आणि तिन्हींची डोकी खाल्लेली. स्क्रू ड्रायव्हर लावला की गर्रकन फिरतो आणि बाहेर येतो. दाढांची तुटकी मुळं काढताना डॉक्टरबाईंना मी रोज हत्यारं देते, पण ही मुळं त्यांच्याही वरचढ आहेत. काय करू?

तुमची ठमी

१६ फेब्रुवारी

ठमाबाई,

मामीचा गुडघा ठीक आहे. माझाच दुखतो, म्हणून माझ्याबद्दल लिहितो. त्यात काय चुकलं?

तुझ्या धाकट्या दिराचं जाणं मनातून जात नाही. तुझ्या लग्नात माझ्या कानाशी तोंड आणून इंजिनाच्या गोष्टी विचारत बसला होता तो. जेवायचंही विसरला होता.

आता नीट वाच. पहिलं म्हणजे घाई नको. खाचांत मळ असेल तर ड्रायव्हर पूर्ण खाली बसत नाही. तुझ्या दवाखान्यात दात कोरायचा आकडा असतो, तो घे आणि चारही खाचा कोरून काढ. मग गंजावरचं तेल सोड आणि रात्रभर विसरून जा. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सरळ धरून त्याच्या बुडावर हातोडीचे चारदोन ठोके घाल. ते ठोके डोकं फोडायला नसतात, आतल्या आट्यांची पकड हलवायला असतात. त्यानंतर खाचेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेव, वरून ड्रायव्हर लाव आणि आधी दाब, मग पीळ. लोक उलटं करतात, आधी पिळतात. तिथेच डोकं जातं.

इतकं करूनही आला नाही तर कळव, पुढचे उपाय आहेत. स्क्रू माणसापेक्षा बरा, कशाला तरी दाद देतोच.

ज्या गॅरेजवाल्याने ही डोकी खाल्ली त्याला माझ्यातर्फे चार शब्द सुनाव. असल्या हातांना लाटणंसुद्धा देऊ नये.

मामा

२७ फेब्रुवारी

मामा,

एक आला. मी इतकी ओरडले की सासूबाई जिन्यात धावत आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू पाहिलं.

पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत. स्क्रूच्या आट्यांना लालसर, वाळलेलं काहीतरी चिकटलंय, काचेसारखं कडक. नखाने निघत नाही. आणि गॅरेजवाल्याला तुमचे चार शब्द पोचवले तर तो बिचारा शपथेवर सांगतो की त्या बाजूला त्याने कधी हात लावलेला नाही. तेल बदलायचं, ब्रेक बघायचे, एवढंच त्याच्याकडे होतं.

मी खटपट करते ते ह्यांना कळलं. चिडले नाहीत. माझ्या हातातून ड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणाले, “झालं गेलं. हे बंदच राहू दे.” मग माझे काळे झालेले हात स्वतः साबणाने धुऊन दिले. ह्यांचं असंच झालंय आताशा. दवाखान्यात सोडायला येतात, घ्यायला येतात. दोन मिनिटं उशीर झाला तर आत येऊन खुर्चीत बसतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशंट घाबरतात गं. मी म्हटलं, घरातलं एक माणूस असं गेलं की उरलेल्यांना घट्ट धरावंसं वाटतं.

त्या दिवशीचं तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाई पलीकडच्या शहरात नवा दवाखाना काढतायत आणि तो मी सांभाळावा असं त्यांच्या मनात आहे. मी तो बघायला सकाळी निघणार होते. ह्यांना पसंत नव्हतं, आठवडाभर घरात बोलणं बंद होतं. मी हेल्मेट घेऊन खाली आले तर भाऊजी म्हणाले, “वहिनी, मागच्या चाकात हवा कमी वाटते. चहा घ्या तोवर, मी भरून आणतो.” उतारावरून गेले ते गेलेच. चहाचा कप तसाच होता माझ्या हातात.

नव्या दवाखान्याचा विषय आता मीच काढत नाही.

पुढचे उपाय कळवा. दोन उरलेत.

ठमी

५ मार्च

ठमे,

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. यापुढे तिथेच पाठवीन. का ते विचारू नकोस, म्हाताऱ्याची लहर समज.

तो लाल पदार्थ गोंद आहे. जे बोल्ट थरथरून सुटू नयेत असं वाटतं त्यांच्या आट्यांना तो लावतात. त्या कव्हराला कोणी लावत नाही. कारखाना लावत नाही, गॅरेजवाला लावत नाही. साखळी धुवायची तर ते कव्हर काढावंच लागतं, त्याला गोंद कोण लावेल?

आता एक बघून सांग. उरलेल्या स्क्रूंपैकी कुठल्याही एकाची वरची खाच घे, घड्याळात बारा असतात तिथली. त्या खाचेला दोन भिंती असतात, डावी आणि उजवी. स्क्रू सोडवताना ड्रायव्हर डाव्या भिंतीला ढकलतो, घट्ट करताना उजव्या. तुझ्या खटपटीने डावी थोडी खरवडली असेल, ती नवी असल्यामुळे चमकेल. उजवी कशी आहे? गोल झालीय का? आणि त्या झिजेवर मळ बसलाय का? डॉक्टरबाईंचा छोटा आरसा आणि भिंग वापर.

गोंदाला उपाय उष्णता. वायरी जोडायला डाग देतात ते यंत्र मिळालं तर त्याचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर चांगलं धरून ठेव. गोंद मऊ पडतो. मग करवतीच्या पात्याने डोक्यावर आडवी सरळ खाच पाड आणि चपटा ड्रायव्हर लाव.

हे करताना घरात फक्त सासूबाई असू देत. गाडीची किल्ली अपघाताच्या आदल्या दिवशी कुठे होती आणि कोणाकोणाचा हात तिथे पोचत होता, तेही आठवून लिही.

मामा

१३ मार्च

मामा,

तुमची लहर वाचून मला हसू आलं आणि मग जरा भीतीही वाटली. तुम्ही इतकं कमी कधी लिहीत नाही. मामीचं सगळं बरं आहे ना?

उजवी भिंत पूर्ण गोल झालीय. मळ बसलाय, काळा. डावी माझ्यामुळे खरवडलीय, चकचकीत. दोन्ही स्क्रूंचं तेच. म्हणजे कोणीतरी आवळताना डोकी खाल्ली, असंच ना? इतकं कशाला आवळायचं?

दुसराही निघाला, डाग देऊन. आता एकच.

किल्ली नेहमी दाराच्या खिळ्याला असते. तेव्हा घरात आम्ही चौघं, कोणाचाही हात पोचतो. तुम्ही असं विचारता जणू चोरी झालीय.

तुमचं सोळा फेब्रुवारीचं पत्र ह्यांनी वाचलं. कपाटात माझ्या साड्यांखाली होतं, आज वेगळ्याच घडीचं दिसलं. मी विचारलं तर म्हणाले, “तुझ्या मामांना अजून बरंच आठवतं.” आणि स्वतःहून म्हणाले की तिसरा स्क्रू मी काढून देतो, येत्या सोमवारी सुट्टी आहे. मला इतकं बरं वाटलं. शेवटी गाडीला हात लावायला तयार झाले.

त्याआधी रविवारी मला पंपघर दाखवायला नेणार आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी कितीदा म्हटलं, दर वेळी ‘तिथे काय बघायचंय’ म्हणून उडवून लावायचे. आता म्हणतात, रविवारी तिथे कोणी नसतं, निवांत बघता येईल. सासूबाई येते म्हणाल्या तर हे म्हणाले, “आई, पायऱ्या ओल्या असतात. तू घरीच थांब.”

सोमवारनंतर गाडी चालू झाल्याची बातमी देते.

ठमी

१५ मार्च

पोरी,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि मी उभ्या उभ्या लिहितोय. आमच्या इथून पहाटे तुमच्याकडे जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर माझा जुना गिऱ्हाईक आहे. तो शनिवारी दुपारी हे दवाखान्यात तुझ्या हातात देईल. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नाही असं त्याला बजावलंय.

रविवारी पंपघरात जायचं नाही. डोकं दुखतंय म्हण, उलट्या होतायत म्हण, पाय मुरगळलाय म्हण. पण जायचं नाही.

आता कारण. त्या कव्हराच्या आत साखळी एका लहान दातेरी चाकावर फिरते. ते चाक दांड्यावरून निसटू नये म्हणून एक लोखंडी पट्टी असते, दोन बोल्टांनी आवळलेली. ती पट्टी नसेल तर चाक थोडा वेळ फिरतं, आणि वेग वाढून उतार लागला की बाहेर सरकतं. साखळी कव्हरात चेपते, मागचं चाक जागच्या जागी थांबतं. चालवणाऱ्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही.

शेवटचा स्क्रू शनिवारीच काढ, सोमवारची वाट बघू नकोस. आत बघ. बोल्ट आपोआप सैल झाले असतील तर ते आणि ती पट्टी कव्हरात कुठेतरी पडलेली, चेपलेली सापडेल. खालच्या फटीतून एखादा बोल्ट जाईल, पट्टी जाणार नाही. पट्टी आत नसेल तर ती कोणीतरी हाताने काढली, आणि पुन्हा कोणी उघडून बघू नये म्हणून वरून गोंद लावून डोकी जाईपर्यंत स्क्रू आवळले.

हे गॅरेजवाल्याने केलं नाही. आणि त्या सकाळी गाडीवर बसणार कोण होतं, ते तूच मला लिहिलं आहेस. मी नाव घेत नाही. देव करो आणि माझं चुकलेलं असो.

मी सोमवारी येतोय. तोवर सासूबाईंना सोडून हलू नकोस.

मामा

२ एप्रिल

मामा,

तुम्ही आलात तेव्हा सासूबाई समोर होत्या. तुम्हाला सगळं पाटीवर लिहून दाखवावं लागतं, आणि त्यांच्यासमोर ते लिहायला माझा हात चालला नाही. आज लिहिते.

बस ड्रायव्हर आला तेव्हा मी एका बाईच्या तोंडात कापूस धरून उभी होते. तिला म्हटलं, जरा चावून धरा. तिथेच पत्र वाचलं. डॉक्टरबाईंनी माझा चेहरा बघून न विचारता घरी पाठवलं.

तो पंपघरात होता. संध्याकाळी पाचला येणार होता. सासूबाईंना मी काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की आज हा काढू या. त्यांनी कव्हर हाताने दाबून धरलं, मी डाग दिला, खाच पाडली. तो सहज आला. त्याच्या आधीच्या दोघांनी जीव खाल्ला आणि तो लोण्यासारखा आला.

साखळीची गुंडाळी झाली होती. दातेरी चाक दांड्याच्या टोकाला वाकडं लटकत होतं. त्यामागे दोन बोल्टांची भोकं होती, आटे स्वच्छ, एकही तुटलेला नाही. पट्टी नव्हती. मी वर्तमानपत्र अंथरून आतला सगळा चिखल खरवडून काढला, तारेने कोपरे तपासले. सासूबाई म्हणाल्या, “काय शोधतेस?” मी तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, आणि चष्मा काढून पायरीवर बसल्या.

तो आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. त्याने कव्हर बघितलं आणि आधी चप्पल काढली.

सासूबाईंनी विचारलं, “यातली पट्टी कुठे आहे?”

“कसली पट्टी?”

“मला नाव माहीत नाही. जी आत असायला हवी ती.”

त्याने काढलेली चप्पल पायाने भिंतीशी सरकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला फक्त गाडी बंद पाडायची होती. साखळी उतरली असती, ही ढकलत घरी आली असती. जाणं रद्द झालं असतं.”

मामा, प्लगची वायर काढली तरी गाडी बंद पडते. हे मला माहीत आहे, मग पंधरा वर्षं पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला माहीत नसेल? मी हे बोलले नाही. तो मला अजून ‘ही’ म्हणत होता, त्याचंच मला काहीतरी होत होतं.

सासूबाईंनी विचारलं, “तो गाडी घेऊन निघाला तेव्हा तू कुठे होतास?”

“वर. खिडकीत. दाढी करत होतो.”

“तो निघताना दिसला?”

“दिसला.”

“मग?”

“हाक मारली असती तर का मारली ते सांगावं लागलं असतं.”

हे त्याने अशा साध्या आवाजात सांगितलं, जसं दूध उतू का गेलं ते सांगावं. सासूबाई उठल्या. मला वाटलं त्याच्या थोबाडीत मारतील, किंवा पडतील. त्यांनी फक्त चष्मा पुसून परत लावला.

मी विचारलं, “उद्या पंपघरात मला काय दाखवणार होतास?” लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “पाणी.”

एवढंच. आणि हातातला डबा खाली ठेवून एक पाऊल पुढे आला. का आला मला माहीत नाही. कदाचित कव्हर उचलायला असेल. पण सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या, एवढ्याशा, माझ्या खांद्याला लागणाऱ्या, आणि म्हणाल्या, “ही माझ्याबरोबर चौकीवर येतेय. तुला यायचं तर मागून ये.” आम्ही घरच्या कपड्यांवर, अनवाणी निघालो. मी कव्हर आणि तिन्ही स्क्रू ओच्यात धरले होते. कोपऱ्यावरून मागे बघितलं तर तो पायरीवर बसला होता आणि गाडीच्या चाकावरून हात फिरवत होता. पोलीस गेले तेव्हाही तिथेच होता.

जबाब सासूबाईंनी दिला. त्याने काय काय म्हटलं ते शब्द न शब्द. साहेबांनी दोनदा विचारलं, “आई, तुमचाच मुलगा ना?” त्या म्हणाल्या, “दोघेही माझेच.”

आता आम्ही दोघी पलीकडच्या शहरात आहोत, नव्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. त्या स्वयंपाक करतात, मी खाली काम करते. त्याच्याबद्दल बोलत नाही. खटला उभा राहील तेव्हा त्यांना पुन्हा ते सगळं बोलावं लागेल. वकील म्हणतात, आया आयत्या वेळी फिरतात. मी त्यांना काही विचारत नाही.

पण काल भाजी निवडता निवडता त्यांनी मला विचारलं, “तुझ्या मामांना विचारशील? खिडकी दुसऱ्या मजल्यावर. खाली गाडी चालू झालेली. वरून जोरात हाक मारली असती, तर त्याला ऐकू गेली असती का?”

मी म्हटलं, विचारते. काय कळवू?

ठमी

९ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र मामीलाही वाचायला दिलं नाही. चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

त्या जातीच्या इंजिनाचा आवाज थंड असताना फार नसतो. जिन्याखाली उभ्या गाडीवर बसलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरची हाक ऐकू जाते. भावाची तर नक्कीच. हे तुला सांगतोय. हा कागद वाचून झाला की फाडून टाक.

कोर्टात त्यांना मुलगा काय बोलला तेवढंच सांगायचं आहे, आणि ते त्या सांगतील. ज्या बाई अनवाणी चौकीवर गेल्या त्या फिरणार नाहीत. इंजिनाबद्दल त्यांना कोणी विचारणार नाही. तो प्रश्न त्यांचा स्वतःचा आहे, रात्री अंथरुणावरचा. त्याचं खरं उत्तर घेऊन त्या कुठे जातील?

म्हणून सोबत वेगळी चिठ्ठी जोडली आहे. ती त्यांच्या हातात दे.

मामा

श्रीमती विहीणबाईंस,

नमस्कार. तुम्ही विचारलंत ते मुलीने कळवलं. माझी हयात ह्या गाड्यांत गेली, म्हणून खात्रीने लिहितो. इंजिन चालू असताना वरची हाक खाली ऐकू जात नाही. कोणाचीच नाही.